पालटलेला माणूस

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सायंकाळी युवक मंडळाची बैठक आटोपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा, बोलणे बेताचेच. घरातले काही गाऱ्हाणे असेल असे समजून मी त्याला धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर बसवले. त्याने विचारले, "फादर, एखाद्याला असा रोग झाला की तो माणूस म्हणून उरलाच नाही, तर त्याला मारणे पाप ठरते का?"

मी क्षणभर दचकलो. धर्मगुरूच्या कानी असा प्रश्न आला की तो आधी प्रश्नकर्त्याच्या घरची माणसे मनातल्या मनात मोजू लागतो. पण मुलगा हसला. त्याने एक जुनी दूरचित्रवाणी मालिका पाहिली होती आणि तीतील एका कथेने त्याला दोन रात्री छळले होते. "तुम्ही बघा, मग सांगा," असे म्हणून त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. अंतराळयानांच्या गोष्टींशी माझा संबंध तसा तुटपुंजा. सेमिनरीत असताना अशा गोष्टी वाचणाऱ्या एका सहाध्यायाची आम्ही यथेच्छ थट्टा करीत असू. त्या थट्टेचे व्याज त्या संध्याकाळी मी फेडले.

मालिकेचे नाव 'स्टार ट्रेक : एंटरप्राइज'. तिच्यातील 'एक्स्टिंक्शन' हा भाग २४ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. पटकथा आन्द्रे बोरमानिस यांची, दिग्दर्शन लव्हार बर्टन यांचे. मालिकेच्या चाहत्यांत हा भाग फारसा नावाजला जात नाही, असे त्या मुलानेच मला आधी सांगून टाकले. नटांच्या चेहऱ्यांवरील रंगरंगोटी आणि त्यांच्या माकडउड्या पाहून मलाही एकदोनदा हसू आले. पण दुय्यम प्रतीच्या कथेतही कधी कधी पहिल्या प्रतीचा प्रश्न दडलेला असतो.

कथा अशी. पृथ्वीवर एक भीषण हल्ला होऊन ७० लाख माणसे मारली गेली आहेत आणि दुसरा, सर्वनाशी हल्ला टाळण्यासाठी कॅप्टन जोनाथन आर्चर यांचे यान शत्रूच्या मागावर आहे. मागोवा घेत चौघेजण एका घनदाट जंगलाच्या ग्रहावर उतरतात. तेथे हवेत एक विषाणू आहे. काही वेळातच तिघांचे देह पालटू लागतात. कॅप्टन आर्चर, शस्त्रास्त्र अधिकारी माल्कम रीड आणि दुभाषी होशी साटो यांची कातडी, बोटे, चेहरे वेगळे होतात, ते अनोळखी भाषा बोलू लागतात आणि कधीही न पाहिलेल्या एका नगरीकडे जाण्याची त्यांना अनावर ओढ लागते. त्या नगरीचे नाव अर्क्वाट. चौथी टी'पॉल. ती व्हल्कन वंशाची असल्यामुळे तिचे शरीर या विषाणूला दाद देत नाही. पालटलेले तिघे तिला शत्रू समजतात, तरी ती त्यांच्यासोबत राहते. त्यांची भाषा थोडी थोडी समजून घेते आणि त्यांच्याबरोबर ती नगरी शोधायला निघते.

इकडे यानावरील डॉक्टर फ्लॉक्स उपचाराच्या शोधात आहेत. विषाणूची उकल करताना त्यांना कळते की हा निसर्गाने घडवलेला रोग नव्हे. लोकेक नावाची एक जमात कोणे एके काळी नामशेष होत चालली होती. आपला वंश टिकावा म्हणून तिने हा विषाणू निर्माण केला. जो कोणी त्या भूमीवर पाय ठेवील, त्याचा देह लोकेक होईल, त्याच्या मनात लोकेकांची भाषा आणि त्यांच्या नगरीची आठवण उमटेल. स्वतःची मुले नाहीत, तर परक्यांना आपली मुले करावे, असा तो खटाटोप.

या कथेत आणखी एक पक्ष आहे. एक शेजारची जमात. तिच्यात हा रोग पूर्वी पसरून मोठा संहार झाला आहे. तेव्हापासून तिची माणसे अंगभर संरक्षक पोशाख चढवून त्या ग्रहावर येतात आणि जो कोणी पालटलेला दिसेल त्याला अग्निज्वाळांनी जाळून टाकतात. मुळात हा भाग सुरू होतो तोच अशा एका जळिताने. आता ती माणसे एंटरप्राइज यानाकडे मागणी करतात, की तुमचे रोगी आमच्या स्वाधीन करा. यानाचा दुय्यम अधिकारी ते नाकारतो. अखेर उपचार सापडतो, तिघे पूर्ववत होतात. विषाणूचा शेवटचा नमुना नष्ट करण्याची वेळ येते, तेव्हा कॅप्टन आर्चर डॉक्टरांना थांबवतात. एका संपूर्ण संस्कृतीचे एवढेच काय ते उरले आहे, ते जपून ठेवा, असे ते सुचवतात.

मुलाचे म्हणणे असे होते, की जाळणारे निर्दय असले तरी त्यांचा हिशेब बरोबर आहे, आणि कॅप्टन दयाळू असला तरी त्याचा निर्णय वेडेपणाचा आहे. मी त्याला सांगितले, मला थोडा वेळ दे. त्याला दिलेल्या उत्तराचा हा विस्तार आहे. आणि वाचकहो, आधीच सांगून ठेवतो, सगळ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही.

पहिला प्रश्न असा, की जंगलात धावणारा तो प्राणी कोण होता? जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले, की व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेत आणि स्मृतीत असते. एका राजपुत्राची जाणीव एखाद्या चांभाराच्या देहात शिरली, तर ती व्यक्ती राजपुत्रच होय, असे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. हे मानले तर फार मोठी आपत्ती ओढवते. आर्चरच्या मनात आता आर्चरची आठवण नाही, अर्क्वाट नगरीची आहे. म्हणजे आर्चर संपला आणि त्याच्या जागी कोणी लोकेक जन्मला. मग जाळणारे आर्चरला जाळत नाहीत, कारण तो आधीच गेला आहे. उलट डॉक्टर फ्लॉक्स जो उपचार करतात, तोच एका नव्या जीवाचा वध ठरतो! स्मृती हीच व्यक्ती मानली की औषधाची सुई आणि अग्निज्वाळा यांत फरक उरत नाही. माझ्या तरुण मित्राच्या हे ध्यानात आले नव्हते. ते ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकवीत, तेव्हा आत्मा हे देहाचे सत्त्वरूप आहे हे वाक्य आम्ही परीक्षेपुरते पाठ करून ठेवले होते. त्याचा अर्थ मला पुढे धर्मग्रामात काम करताना कळत गेला. आत्मा म्हणजे देहाच्या गाडीत बसलेला सारथी नव्हे, की सारथी उतरला आणि दुसरा चढला. जो जिवंत आहे, तो ज्या रूपाने जिवंत आहे, तेच त्याचे आत्मतत्त्व. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने व्यक्तीची जी व्याख्या केली, तिच्यातही विवेकशील स्वभावाच्या एका स्वतंत्र सत्तेवर भर आहे. तो विवेक या घटकेला चालतो की नाही, यावर नाही. झोपलेला माणूस विचार करीत नाही, म्हणून तो माणूस नाहीसा होत नाही. या दृष्टीने पाहिले तर जंगलातला तो प्राणी आर्चरच आहे. फार आजारी आर्चर. त्याच्या मेंदूवर परक्या अक्षरात काहीतरी लिहिले गेले आहे, पण लिहिले गेले आहे ते त्याच्यावरच.

आमच्या धर्मग्रामात एक आजी होत्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, करड्या शिस्तीच्या. सत्तरी उलटल्यावर त्यांची स्मृती ढासळू लागली. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग नातवंडांची, मग पोटच्या मुलाची. त्याला त्या आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारीत. ज्या तोंडून कधी वावगा शब्द बाहेर पडला नव्हता, त्या तोंडून शिव्या येऊ लागल्या. ताट भिरकावणे, सुनेवर हात उगारणे रोजचे झाले. एकदा मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो असता सून मला अंगणात गाठून म्हणाली, "फादर, ही आमची आई नाही. आमची आई केव्हाच गेली." तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून मी तिला उपदेश केला नाही. आत गेलो तर आजी खुर्चीत बसल्या होत्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला, पिना जागच्या जागी. एवढ्या आरडाओरड्यात रोज हे कशाला करतेस, असे मी सुनेला सहज विचारले. ती म्हणाली, "त्यांना केस मोकळे सोडलेले आवडत नाहीत."

आवडत नव्हते असे ती म्हणाली नाही. आवडत नाहीत, असे म्हणाली. अंगणात दुःखाने बोलली ते एक, आणि तिचे हात रोज सकाळी जे सांगत होते ते दुसरे. मला तिच्या हातांची साक्ष अधिक खरी वाटते.

दिग्दर्शक बर्टन हे पूर्वी याच परंपरेतील दुसऱ्या मालिकेत जॉर्डी ला फोर्ज नावाच्या अंध अभियंत्याची भूमिका करीत. १९९१ सालच्या 'आयडेंटिटी क्रायसिस' या भागात ला फोर्जच अशा एका संसर्गाने पालटतो. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्राणी होऊन एका परक्या ग्रहाकडे ओढला जातो. त्याची जुनी सहकारी सुझॅना लायटन हिलाही तोच संसर्ग झालेला असतो, पण ती वेळेवर बरी होते आणि त्याच्या मागे त्या ग्रहावर जाते. ती त्याला शस्त्राने अडवत नाही. ती त्याच्याशी बोलत राहते, त्याला आपल्या मैत्रीची आठवण देत त्याच्या नावाने बोलावते, आणि तो परत येतो. हे पाहताना पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत घडलेला प्रसंग कोणाही ख्रिस्ती माणसाला आठवेल. मरिया माग्दालेनाने प्रभूला पाहिले पण ओळखले नाही. तिच्या नावाची हाक आली तेव्हा ओळखले. देह पालटला म्हणजे ओळख बुडत नाही, पण कोणीतरी हाक मारणारे असावे लागते.

आता जाळणाऱ्यांकडे वळू. त्यांना राक्षस ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांनी आपली माणसे या रोगाने गमावली आहेत. उपचार नाही, रोग पसरतो, आणि एक रोगी सुटला तर सबंध जग धोक्यात येते. या तीन वाक्यांपुढे भल्याभल्यांची बुद्धी मान तुकवील. कयफा नावाच्या प्रमुख याजकानेही हेच गणित मांडले होते. सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे हिताचे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात आकडेमोडीची चूक नव्हती.

पण 'उपचार नाही' या पहिल्या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. माणसाचा स्वभाव पालटून टाकणारा एक विषाणू आपल्या जगात खरोखर आहे, आणि त्यासाठी अंतराळात जावे लागत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून तो येतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ निश्चितपणे दगावतो. पाण्याच्या घोटानेही घशाला आचके येतात, गोंधळ, खवळणे, भास. पूर्वी युरोपात काही ठिकाणी अशा रोग्यांना दयेच्या नावाखाली गाद्यांमध्ये दाबून गुदमरवीत. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्यापुढे अल्सास प्रांतातला जोझेफ मायस्टर हा ९ वर्षांचा मुलगा आणला गेला. कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर यांच्या लसीने तो वाचला. लक्षणे सुरू होण्यापूर्वी लस दिली तर मरण टळते, हे तेव्हापासून सिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यानंतर मात्र आशा नाही, असे त्यानंतरही शंभरावर वर्षे मानले गेले.

२००४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका १५ वर्षांच्या मुलीला वटवाघूळ चावले. कोठे चावले, तर चर्चमध्ये! साधारण महिन्याभराने तिला रेबीजची लक्षणे दिसू लागली. तिला लस टोचलेली नव्हती. डॉक्टर रॉडनी विलबी यांनी तिला औषधांनी कृत्रिम बेशुद्धीत ठेवले, मेंदूला विसावा द्यावा आणि तेवढ्या काळात शरीराने स्वतःचा लढा द्यावा म्हणून. ती मुलगी जगली. लस न घेता या रोगातून उठलेली ती पहिली ज्ञात व्यक्ती. तोच उपचार पुढे अनेक रोग्यांवर करून पाहिला गेला आणि बहुतेकांच्या बाबतीत अपयशी ठरला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे आशा खात्रीची नाही. पण जो जाळला गेला, त्याच्यासाठी डॉक्टरला पुढच्या आठवड्यात सुचणारा उपायही बंद होतो. 'आज उपचार नाही' आणि 'उपचार नाही' या दोहोंत एका शब्दाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसे जगतात किंवा जाळली जातात.

वाईट साधनाने चांगले साधू नये, हे संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रापासून ख्रिस्तसभा शिकवत आली आहे. परंतु त्याचा अर्थ असा नव्हे की रोग्याला गावभर मोकळे फिरू द्यावे. विलगीकरण ही सक्ती आहे, पण ती माणसाच्या हालचालीवरची सक्ती आहे, त्याच्या असण्यावरची नव्हे. वेगळ्या ठेवलेल्या रोग्याकडे परत जाता येते, त्याला अन्न नेता येते, त्याला हाक मारता येते. यानाच्या दुय्यम अधिकाऱ्याने रीडला बंद खोलीत ठेवले, पण परक्यांच्या हाती दिले नाही. सगळी नीती त्या एका दाराच्या कडीत आहे असे मला वाटते.

पण सर्वांत अधिक मी विचार केला तो टी'पॉलचा. ती रोग्यांच्या बाजूची आणि निरोगीही. तिला पळून जाता आले असते. ती त्यांच्याबरोबर चालत राहते, ज्या नगरीवर तिचा विश्वास नाही ती शोधत. अशी माणसे आपल्या इतिहासातही झाली. हवाईच्या राज्यात १८६५ सालच्या कायद्याने कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका दुर्गम द्वीपकल्पावर नेऊन सोडीत. फादर दामियान १८७३ साली तेथे गेले. विलगीकरणाची भिंत त्यांनी पाडली नाही, ते भिंतीच्या आत जाऊन राहिले, रोग्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यासाठी शवपेट्या तयार केल्या, आणि स्वतः त्याच रोगाने १५ एप्रिल १८८९ रोजी गेले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले. आपल्या महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगमध्ये, घरोघरच्या झडत्यांनी आणि छावण्यांनी लोक भयभीत झाले असता, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत राहिल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात नेले, आणि १० मार्च रोजी त्याच साथीने त्या गेल्या.

अशी नावे लिहिताना लेखणी जड होते, कारण मी त्यांच्यातला नाही. २०२० च्या जुलै महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका वाडीतून दुपारी फोन आला. वडिलांना कोरोना झाला होता, रुग्णालयात खाट मिळेपर्यंत त्यांना घरीच एका खोलीत ठेवले होते, श्वास लागला होता. मुलाने रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्यायला बोलावले. मला मधुमेह आहे. वरून आलेल्या सूचना सावधगिरीच्या होत्या. मी गेलो, पण आत गेलो नाही. अंगणात, खिडकीपाशी उभा राहिलो, मोठ्याने प्रार्थना म्हटली, दुरूनच आशीर्वाद दिला. आत खाटेवर त्यांनी हात किंचित वर केलेला दिसला. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. पुढे मला कळले की हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याने तेल लावून इतर काही धर्मगुरूंनी तो संस्कार दिला होता. मलाही ते सुचू शकले असते. ती सावधगिरी होती की भीती, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. दोहोंचा पोशाख एकच असतो. म्हणून त्या ज्वाळा ओकणाऱ्यांवर दगड उचलताना माझा हात अडखळतो.

आता कॅप्टनने जपून ठेवलेल्या त्या कुपीविषयी. हा प्रश्न कल्पित नाही. देवीच्या रोगाचा नैसर्गिक मार्गाने झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात, प्रयोगशाळेतील साठ्यातून झालेल्या संसर्गाने जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना देवी आल्या आणि ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्या वारल्या. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाने त्याआधीच आत्महत्या केली होती. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. उरलेले साठे पुढे दोनच ठिकाणी एकत्र करण्यात आले, अमेरिकेतील अटलांटा येथे आणि रशियात, जेथे ते १९९४ पासून कोल्त्सोवो येथे आहेत. ते नष्ट करण्याची तारीख १९९३ च्या अखेरीस ठरली होती. मग ती १९९५ वर गेली, मग १९९९ वर, मग २००२ वर, आणि त्यानंतरही ठराव पुढे ढकलला जात राहिला. कुपी आजही थंडगार पेट्यांत आहेत. २०१४ साली तर वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे एका जुन्या शीतकक्षात देवीच्या आणखी सहा कुपी अवचित सापडल्या, ज्यांची कोणाला आठवणही नव्हती.

साठा ठेवावा असे म्हणणारे शास्त्रज्ञ निर्बुद्ध नाहीत. नवी लस, नवे औषध तपासायला मूळ विषाणू लागेल असे ते म्हणतात. नष्ट करावा म्हणणारे बर्मिंगहॅमकडे बोट दाखवतात. आणि २०१८ साली कॅनडातील संशोधकांनी घोड्यांना होणाऱ्या देवीचा विषाणू रासायनिक तुकडे जोडून प्रयोगशाळेत तयार केल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून दोन्ही पक्षांची वाक्ये थोडी पोकळ वाटू लागली आहेत. जे पुन्हा घडवता येते, ते नष्ट करून काय साधले, आणि जपून तरी काय साधले?

पण आर्चरची कुपी यापेक्षा वेगळी आहे. देवीच्या विषाणूत कोणाची भाषा नाही, कोणाच्या नगरीची आठवण नाही. लोकेकांच्या विषाणूत आहे. आर्चर आणि त्याचे सोबती जंगल तुडवून अर्क्वाटला पोहोचतात तेव्हा तेथे भग्न अवशेष असतात, आणि त्या पालटलेल्या चेहऱ्यावर जे दुःख उमटते ते बनावट नाही. ओढ परकी होती, पण दुःख करण्याची शक्ती आर्चरची होती. बरा झाल्यावरही ते दुःख त्याने टाकून दिले नाही. म्हणूनच तो डॉक्टरांना थांबवतो. जे तुझ्यावर आक्रमण करून आले, त्याच्याविषयीही तुला शोक वाटावा, हे मला शत्रुप्रेमाच्या आज्ञेच्या फार जवळचे वाटते.

आणि तरी मी त्या मुलाला सांगितले, की मी कॅप्टनशी पूर्ण सहमत नाही. लोकेकांची आगळीक त्यांच्या जगण्याच्या इच्छेत नव्हती. आपण टिकावे असे कोणाला वाटत नाही? आमच्या वाड्यांतून बोली ओसरत चालल्या आहेत, लग्नातली गाणी म्हाताऱ्यांबरोबर जात आहेत, आणि माझाही जीव तुटतो. पण आपली भाषा मुलाला शिकवणे वेगळे आणि मुलाचे तोंड पुसून त्यावर आपले तोंड काढणे वेगळे. शिकवणारा थांबतो, मुलाने नाही म्हटले तर दुखावतो, पण त्याला मुलगा म्हणूनच ओळखतो. लोकेकांनी कोणाला विचारले नाही. त्यांनी उंबरठ्यावर सापळा लावला. घरोघरी मी असे आईबाप पाहिले आहेत, ज्यांना मुलाने डॉक्टर व्हावे असे वाटत नाही, तर मुलाने आपले राहून गेलेले आयुष्य व्हावे असे वाटते. कधी धर्मगुरूही तसे असतात. माझ्या प्रवचनांतून मी युवकांना काय देतो, हे मी मधूनमधून तपासून पाहतो, आणि नेहमीच समाधान होते असे नाही.

"मग तुम्ही कुपी फोडली असती?" मुलाने विचारले. मी म्हणालो, लोकेकांचे अवशेष, त्यांच्या नगरीची चित्रे, होशीच्या ओठांवर आलेले त्यांचे शब्द लिहून ठेवले असते, आणि विषाणू नष्ट केला असता. तो म्हणाला, "मग ते पुस्तकातच राहिले असते, फादर." मी म्हटले, हो. त्याला ते पटले नाही. खरे सांगायचे तर, ज्या डॉक्टरने जाळपोळीला नकार देऊन उपचार शोधला, त्याच्याच हाती ती कुपी असताना मी तेवढा खंबीर राहिलो असतो की नाही, मला ठाऊक नाही.

यंदाच्या जुलैत त्या वाडीतल्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ मिस्सा मागितली आणि नंतर जेवायला घरी नेले. २०२० नंतर प्रथमच मी त्या घरात शिरलो. जेवणापूर्वी त्याने मला विश्रांतीसाठी त्याच खोलीत बसवले. त्याच्या मनात काही नव्हते, ती खोली थंड असते एवढेच. खाट तीच होती. मी खाटेवर बसलो आणि खिडकीकडे पाहिले. बाहेर पाऊस उघडून ऊन पडले होते, आणि अंगणातून त्याचा लहान मुलगा खिडकीशी येऊन गजांना धरून आत डोकावत होता. पाठीमागे उजेड असल्याने त्याचा चेहरा मला दिसेना. नुसती काळी आकृती. तेव्हा माझ्या तोंडावर मुखपट्टी होती, तिच्यावर प्लास्टिकची ढाल, अंगात पायघोळ पांढरा पोशाख.

"फादर," बाहेरून पोराने हाक मारली, "जेवायला चला."